बँकॉकच्या सोन्यानंतर

डिसेंबर १९९८. बँकॉकच्या आशियाई क्रीडास्पर्धेत हॉकीचा अंतिम सामना भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यात रंगला होता. पूर्ण वेळ संपली तेव्हा फलकावर १-१ होतं आणि निकाल टायब्रेकरवर गेला. त्या काळचा टायब्रेकर म्हणजे पेनल्टी स्ट्रोक. गोलपासून सात यार्डांवर चेंडू, समोर एकटा गोलरक्षक आणि दोन्ही संघांना पाच-पाच संधी. भारताच्या गोलमध्ये आशिष बल्लाळ उभा होता. त्याने कोरियाला रोखलं, भारताच्या फटकेबाजांनी आपलं काम चोख केलं आणि सामना ४-२ असा भारताच्या नावावर लागला.

याआधी आशियाई सुवर्ण मिळालं होतं ते १९६६ साली. तेही बँकॉकमध्येच, शंकर लक्ष्मणच्या संघाला. मधली ३२ वर्षं भारतीय हॉकीने या स्पर्धेत फक्त दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर उभं राहून काढली. १९८२ साली दिल्लीत, घरच्या प्रेक्षकांसमोर, अंतिम सामन्यात पाकिस्तानने ७-१ असं धुतलं होतं. ती जखम इतकी खोल होती की पुढची कित्येक वर्षं हॉकीवर बोलणारा प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करायचा. १९९८ च्या संघाने ती भरून काढली. या विजयाने सिडनी ऑलिंपिकचं थेट तिकीटही मिळवून दिलं. कर्णधार होता पुण्याच्या खडकीचा, ३० वर्षांचा धनराज पिल्ले.

आणि काही आठवड्यांतच भारतीय हॉकी महासंघाने हा संघ मोडला. १९९९ च्या सुरुवातीला पाकिस्तानविरुद्ध मालिका होती. तिच्यासाठी संघ जाहीर झाला तेव्हा धनराज त्यात नव्हता. बल्लाळ नव्हता. आणखीही काही ज्येष्ठ खेळाडू नव्हते. प्रशिक्षक महाराज कृष्ण कौशिक यांनाही दूर करण्यात आलं. मॉस्कोत १९८० साली सुवर्ण जिंकणाऱ्या संघातले हे खेळाडू. प्रशिक्षक म्हणून त्यांनी देशाला ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण दिलं होतं. ज्येष्ठांना 'विश्रांती' दिली आहे, असं अधिकृत कारण सांगण्यात आलं. हॉकीच्या वर्तुळात मात्र ते कुणालाही पटलं नाही. सामन्याचं मानधन नाही, सोयी नाहीत, हे धनराज जाहीरपणे बोलला होता, आणि त्याची ही शिक्षा आहे हे सगळ्यांनी ओळखलं होतं.

माझ्या मते भारतीय हॉकीच्या आधुनिक इतिहासातलं हे सर्वांत लाजिरवाणं प्रकरण आहे. ७-१ च्या पराभवापेक्षाही. तो पराभव मैदानावर झाला होता. हा कार्यालयात बसून ओढवून घेतलेला.

धनराजचा राग समजून घ्यायचा तर खडकीला जावं लागतं. पुण्याच्या उत्तरेची ही लष्करी छावणी. इंग्रजांनी इथे १८६९ च्या सुमारास दारूगोळ्याचा कारखाना उभारला, सॅपर्सचं, म्हणजे लष्करी अभियंत्यांचं, केंद्र आणलं, आणि लष्कराबरोबर हॉकी आली. छावणीत आणि कारखान्यात कामाला आलेली अनेक तमिळ कुटुंबं इथेच रुजली. घरात तमिळ, गल्लीत मराठी, मैदानावर हिंदी, असं या मुलांचं बोलणं. नागलिंगम पिल्ले मैदानाची देखभाल करायचे. त्यांच्या पत्नी अंदलम्मा. या घरात १६ जुलै १९६८ ला धनराज जन्मला. तो चौथा मुलगा. घरात पैशांची ओढाताण होती, पण पाचही मुलांनी हॉकी खेळावी यासाठी अम्मांचा आग्रह होता. मुलांकडे नवी काठी नव्हती. मोडलेल्या काठ्या जोडून, दुसऱ्यांनी टाकून दिलेले चेंडू उचलून, फॅक्टरी वसाहतीच्या मऊ, चिखलट मैदानावर ही भावंडं खेळायची. आदर्श होता मोहम्मद शाहिद, बनारसचा तो काठीचा जादूगार. चेंडू काठीला चिकटलेला ठेवून धावण्याची धनराजची ओढ शाहिदला पाहूनच लागलेली.

खडकीहून तो मुंबईला आला तो थोरला भाऊ रमेश याच्या मागोमाग. रमेश तेव्हा आरसीएफ या सरकारी खत कंपनीकडून खेळत होता. ऐंशीच्या दशकाचा मध्य. नवी मुंबईतल्या आमच्या करावे गावाच्या किनाऱ्यावरून खाडीपलीकडे पाहिलं की ट्रॉम्बे-चेंबूरची ती बाजू दिसते, जिथे हा खत कारखाना आहे. आज सार्वजनिक क्षेत्राच्या कारखान्याने हॉकीचा संघ ठेवावा ही गोष्ट नव्या पिढीला नवलाची वाटेल. त्या काळी मात्र भारतीय हॉकीचं सगळं अर्थकारण याच पायावर उभं होतं. रेल्वे, पंजाब पोलीस, इंडियन एअरलाइन्स, एअर इंडिया, टाटा, भारत पेट्रोलियम, सैन्यदलं यांचे संघ असायचे. खेळाडूला नोकरी मिळायची. कागदावर तो कारकून, निरीक्षक किंवा सहायक असायचा. सकाळ-संध्याकाळ मैदानावर आणि वर्षातून कित्येक महिने आगाखान चषक, बेटन चषक, नेहरू चषक अशा स्पर्धांच्या फेऱ्यांत. पगार नोकरीचा, घाम हॉकीचा. रमेशने धाकट्या भावाला घडवलं, मग धनराज महिंद्राच्या संघात गेला. तिथे जोकिम कार्व्हालो यांनी त्याच्या खेळाला शिस्त लावली. कार्व्हालो स्वतः ऑलिंपिक खेळलेले, मुंबईच्या हॉकीतलं मोठं नाव. उघड्या मैदानात नुसतं सुसाट पळणं आणि योग्य क्षणी पळणं यातला फरक धनराज इथे शिकला.

डिसेंबर १९८९ मध्ये दिल्लीच्या आशिया चषक स्पर्धेत त्याने पहिल्यांदा भारताचा पोशाख घातला. २१ वर्षांचा होता. पुढे १५ वर्षं तो तिथेच राहिला.

तो ज्या काळात आला तो भारतीय हॉकीसाठी सर्वांत अवघड काळ होता, हे विसरून त्याच्या कारकिर्दीचं मोल ठरवता येत नाही. १९२८ ते १९८० या काळातली ऑलिंपिकची आठ सुवर्णं भारताच्या नावावर होती, पण १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम गवतावर गेली आणि खेळाचं व्याकरणच बदललं. गवताच्या मैदानावर चेंडू उसळतो, अडतो, वळतो; तिथे मनगटाची नजाकत चालते. कृत्रिम मैदानावर पाणी मारलेलं असतं, चेंडू सरळ आणि भन्नाट वेगाने सरपटतो. तिथे दम लागतो, लांब पासची आखणी लागते, पेनल्टी कॉर्नरचं शास्त्र लागतं. जर्मनी, हॉलंड, ऑस्ट्रेलिया यांनी गावोगावी अशी मैदानं घातली. आपल्याकडे ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आपला मुलगा मुरुमावर आणि चिखलात वाढायचा, आणि भारतीय संघात आल्यावर अचानक दुसऱ्याच खेळात उतरायचा. माँट्रियलमध्ये भारत सातवा आला. १९९० च्या लाहोर विश्वचषकात दहावा. १९९२ बार्सिलोना, सातवा. १९९६ अटलांटा, आठवा.

अशा संघात धनराज आघाडीला खेळत होता. केस मानेवर रुळणारे, अंग सडपातळ, आणि चेंडू मिळताक्षणी सुटणारी ती धाव. मध्यरेषेवरून निघाला की तीन-चार बचावपटूंना मागे टाकत तो थेट डीमध्ये घुसायचा. समोरचा बचावपटू पाय रोवेपर्यंत तो पुढे गेलेला असायचा. पाहणाऱ्याला वाटायचं की हा माणूस एकटा सामना ओढून नेणार. पुष्कळदा तसंच व्हायचं, आणि पुष्कळदा त्याने दिलेल्या पासवर पुढे कुणी नसायचं. १९९४ च्या सिडनी विश्वचषकात भारत पाचवा आला आणि जगाच्या निवडक अकरांत एकच भारतीय होता: धनराज. विरोधी प्रशिक्षकांना भारताविरुद्धची आखणी करताना पहिलं नाव कुणाचं घ्यायचं हे ठाऊक होतं.

परदेशी क्लबांनाही ते ठाऊक होतं. लंडनचं इंडियन जिमखाना, फ्रान्सचं एचसी लिऑन, जर्मनीचं स्टुटगार्टर किकर्स, मलेशियात बीएसएन आणि टेलिकॉम मलेशिया, ढाक्याचं अबाहानी, इतक्या ठिकाणी तो खेळला. ढाक्यात आणि क्वालालंपूरमध्ये लोक त्याला पाहायला येत. तिथे करार असायचा, पैसे ठरलेले असायचे, राहण्याची-खाण्याची सोय लेखी असायची. मग तो भारतीय शिबिरात परतायचा आणि तिथे देशासाठी खेळण्याचं मानधन नावाची गोष्टच नसायची. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. धनराजने व्यावसायिक हॉकी पाहिली होती. आपल्या मेहनतीची किंमत बाहेर काय होते हे त्याला आकड्यांत माहीत होतं. त्यामुळे घरचा कारभार त्याला जितका बोचला, तितका कदाचित दुसऱ्या कुणाला बोचला नसेल. आणि तो गप्प बसणारा नव्हता. पत्रकारांसमोर बोलायचा, अधिकाऱ्यांसमोर बोलायचा, कधी आवाज चढवून, कधी डोळ्यांत पाणी आणून. त्याला 'तापट' हे विशेषण तिथूनच चिकटलं. एकदा माणूस तापट ठरला की तो काय म्हणतोय ते ऐकायची गरज उरत नाही, आणि महासंघाला तेच हवं होतं.

महासंघाचे अध्यक्ष होते के. पी. एस. गिल. पंजाबातला दहशतवाद मोडणारे पोलीस महासंचालक म्हणून देशभर ख्याती. १९९४ मध्ये ते हॉकीत आले आणि २००८ पर्यंत राहिले. पोलीस दलात आज्ञा वरून येते आणि खाली पाळली जाते. खेळाडूंच्या संघाशी वागताना तीच रीत वापरली तर काय होतं ते १९९९ ने दाखवलं. पाकिस्तानविरुद्धची ती मालिका भारत हरला. सुवर्णाची ऊब अजून गेली नव्हती, आणि त्या सुवर्णावर उभं करायचं जे काही होतं ते विस्कटून गेलं. ३२ वर्षांनी एकत्र जुळून आलेला संघ पुन्हा तसा कधीच जुळला नाही.

इथे दुसऱ्या एका हॉकीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती बर्फावरची. कॅनडा आणि अमेरिकेतली आइस हॉकी. तिथल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये १९५० च्या दशकात फक्त सहा संघ होते. डेट्रॉइट रेड विंग्जचा टेड लिंडसे हा त्या काळातला नामांकित आघाडीपटू. गॉर्डी हाऊच्या जोडीने खेळणारा, अंगाने लहान, खेळाने इतका आक्रमक की लोक त्याला 'टेरिबल टेड' म्हणत. १९५० ते १९५५ या काळात त्याच्या संघाने चार स्टॅन्ली चषक जिंकले. खेळाडूंच्या निवृत्तिवेतन निधीत काय चाललंय हे पाहायला तो गेला, तेव्हा हिशेबाच्या वह्या मालक दाखवायला तयार नाहीत हे त्याला दिसलं. माँट्रियलच्या डग हार्वीला आणि इतर संघांतल्या खेळाडूंना बरोबर घेऊन फेब्रुवारी १९५७ मध्ये त्याने खेळाडूंची संघटना जाहीर केली.

तो हंगाम लिंडसेच्या आयुष्यातला सर्वांत चांगला होता: ३० गोल, ५५ गोलांना साहाय्य, एकूण ८५ गुण. डेट्रॉइट गुणतालिकेत पहिलं आलं होतं. जुलैमध्ये मालकांनी त्याला शिकागोला पाठवून दिलं, जो संघ त्या वर्षी सगळ्यांत शेवटी होता. टोरंटोचा जिम थॉमसन संघटनेत होता. त्यालाही शिकागोचाच रस्ता दाखवला. डेट्रॉइटचे व्यवस्थापक जॅक अ‍ॅडम्स यांनी तर लिंडसेच्या पगाराचा खोटा, फुगवलेला करार वार्ताहरांपुढे ठेवला, म्हणजे लोकांना वाटावं की हा माणूस पोट भरलेलं असूनही ओरडतोय. डेट्रॉइटच्या खेळाडूंनी धीर सोडला आणि संघटनेतून बाहेर पडले. १९५८ च्या सुरुवातीला तडजोड झाली. खेळाडूंना वर्षाला किमान ७००० डॉलर पगार मान्य झाला, निवृत्तिवेतनात मालकांचा वाटा वाढला, पण संघटना विसर्जित झाली. तिचा पुनर्जन्म व्हायला १९६७ उजाडावं लागलं. आज त्या लीगचे खेळाडू ज्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडतात, त्याला मिळणाऱ्या पुरस्काराला २०१० पासून टेड लिंडसेचं नाव आहे.

लिंडसे आणि धनराज यांच्यात ४१ वर्षांचं अंतर, दोन खंडांचं अंतर, बर्फ आणि गवताचं अंतर. तरी क्रम तोच. उत्तम हंगाम, मग हक्काची मागणी, मग हकालपट्टी, आणि वरून चारित्र्यावर शिंतोडे. मोठा फरक एकच: लिंडसेने संघटना काढली, पराभव झाला तरी मागे काहीतरी लेखी उरलं. धनराज एकटा बोलत होता. आपल्या खेळाडूंकडे तेव्हा संघटना नव्हती, वकील नव्हते, करारही नव्हते. नोकरी ज्या संस्थेत, ती सरकारी; निवड ज्यांच्या हातात, ते महासंघाचे. बोलणाऱ्याच्या मागे उभं राहणं म्हणजे स्वतःच्या जागेवर पाणी सोडणं. त्यामुळे उरलेल्या खेळाडूंना दोष देण्याचं माझं मन होत नाही.

आम्हा करावेकरांना ही गोष्ट समजायला फार उलगडून सांगावी लागत नाही. करावे, दारावे, सारसोळे, नेरूळ या आगरी-कोळी गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेतल्या गेल्या, आणि योग्य मोबदला मागणाऱ्यांना विकासाच्या आड येणारे म्हणून हिणवलं गेलं. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई परिसरातल्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. मागणाऱ्याचा सूर चढला म्हणून मागणी खोटी ठरत नाही, हे इथल्या घराघरांत माहीत आहे. आमच्या गावाच्या मैदानावर क्रिकेट आणि कबड्डी. हॉकी पाहायची तर हार्बर लोकलने सीएसएमटी गाठून पुढे चर्चगेटजवळच्या महिंद्रा स्टेडियमपर्यंत जावं लागतं. पण धनराजची बाजू आमच्या ओळखीची आहे.

तो परत आला. अशा खेळाडूला फार काळ बाहेर ठेवणं महासंघालाही परवडणारं नव्हतं. सरकारने १९९९-२००० या वर्षाचा राजीव गांधी खेलरत्न पुरस्कार त्याला दिला. म्हणजे ज्या काळात महासंघाला तो संघात नकोसा झाला होता, त्याच सुमाराच्या कामगिरीसाठी देशाने त्याला खेळातला सर्वोच्च सन्मान दिला.

मग आलं सिडनी. सप्टेंबर २०००. कर्णधार रमणदीप सिंग, प्रशिक्षक मॉस्को सुवर्णाचे कर्णधार वासुदेवन भास्करन. अर्जेंटिनाला ३-० ने हरवलं, ऑस्ट्रेलियाला त्यांच्या घरात २-२ असं रोखलं, स्पेनला ३-२ ने नमवलं. कोरियाविरुद्ध हरलो. शेवटचा साखळी सामना पोलंडशी, आणि तो जिंकला की उपांत्य फेरी. पोलंड हा त्या गटातला दुबळा संघ. भारताने गोल केला, १-० आघाडी घेतली, घड्याळात दोन मिनिटंही उरली नव्हती, आणि पोलंडने बरोबरी साधली. १-१. उपांत्य फेरी गेली, भारत सातव्या स्थानावर आला. १९८० नंतर ऑलिंपिक पदकाच्या इतकं जवळ भारतीय हॉकी त्या पिढीत दुसऱ्यांदा गेली नाही. ज्यांनी तो सामना दूरदर्शनवर पाहिला ते आजही त्या शेवटच्या मिनिटांबद्दल बोलताना थांबतात. धनराजची ती तिसरी ऑलिंपिक होती. तो ढसाढसा रडला, आणि कुणालाही त्यात नाटक दिसलं नाही.

वयाची ३४ वर्षं ओलांडल्यावर आघाडीपटू सहसा मागे सरतो. धनराजने २००२ मध्ये कोलोनच्या चॅम्पियन्स करंडकात स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू हा मान मिळवला. त्या वर्षी बुसानच्या आशियाई स्पर्धेत भारताला रौप्य मिळालं. अंतिम सामन्यात कोरियाने ४-३ असं हरवलं. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २००३ मध्ये, क्वालालंपूरच्या आशिया चषकात तो पुन्हा कर्णधार होता. अंतिम सामन्यात समोर पाकिस्तान. भारत ४-२ ने जिंकला. आशिया चषक भारताने त्याआधी एकदाही जिंकला नव्हता. ज्या स्पर्धेत २१ व्या वर्षी त्याने पदार्पण केलं होतं, ती त्याने ३५ व्या वर्षी जिंकून दिली. ती त्याची शेवटची मोठी कमाई, आणि माझ्या मते बँकॉकइतकीच मोलाची. बाजूला खेळणारी मुलं त्याच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान होती आणि तरीही पाकिस्तानच्या बचावफळीची नजर या एकावर होती.

शेवट मात्र चांगला झाला नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर प्रशिक्षक बदलला. राजिंदर सिंग यांच्या जागी जर्मनीचे गेरहार्ड राख आले. कुणाही परदेशी माणसाने इतक्या थोड्या दिवसांत भारतीय संघ समजून घ्यावा, ही अपेक्षाच चुकीची. कर्णधारपद दिलीप तिर्कीकडे होतं. ३६ वर्षांचा धनराज संघात होता, पण पूर्वीसारखा मैदानावर नव्हता. त्याच्या वाट्याला मिनिटं कमी आली. भारत पुन्हा सातवा. ती त्याची चौथी ऑलिंपिक, आणि आंतरराष्ट्रीय हॉकीतला शेवट. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक, चार आशियाई स्पर्धा. हा चौकार दुसऱ्या कुणाच्या नावावर नाही. ऑलिंपिकचं पदक मात्र एकही नाही.

क्लबची हॉकी त्याने नंतरही सोडली नाही. २००५ मध्ये सुरू झालेल्या प्रीमियर हॉकी लीगमध्ये तो मराठा वॉरियर्सकडून खेळला, आणि २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत, वयाच्या ४३ व्या वर्षी, कर्नाटक लायन्सच्या पोशाखात उतरला.

महासंघाचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. मार्च २००८ मध्ये चिलीतल्या सँटियागोत ब्रिटनने भारताला हरवलं आणि ऑलिंपिकच्या इतिहासात पहिल्यांदाच भारत हॉकीसाठी पात्र ठरला नाही. त्या संघाचे प्रशिक्षक होते जोकिम कार्व्हालो. त्यांनी राजीनामा दिला. एप्रिलमध्ये महासंघाच्या सचिवांना निवडीसाठी पैसे घेताना एका वाहिनीने छुप्या कॅमेऱ्यात पकडलं. भारतीय ऑलिंपिक संघटनेने महासंघच निलंबित केला, आणि गिल यांची १४ वर्षांची सत्ता संपली. पुढे हॉकी इंडिया ही नवी संस्था आली. म्हणजे सगळं सुरळीत झालं, असं नव्हे. जानेवारी २०१० मध्ये, दिल्लीतला विश्वचषक दीड महिन्यावर असताना, भारतीय संघाने शिबिरावर बहिष्कार टाकला. मागणी थकलेल्या पैशांची आणि मानधनाची. या वेळी एकटा कुणी बोलला नाही. राजपाल सिंगच्या नेतृत्वाखाली सगळा संघ एकत्र उभा राहिला. देशभरातून लोकांनी पाठिंबा दिला, प्रायोजक पुढे आला, आणि नव्या संस्थेला नमतं घ्यावं लागलं. हे शिबिर होतं पुण्यात, बालेवाडीला. खडकीपासून काही किलोमीटरवर.

१९९८ मध्ये धनराजने जे मागितलं तेच २०१० मध्ये या मुलांनी मागितलं. मधल्या १२ वर्षांत मागणी एका शब्दानेही बदलली नव्हती. बदललं होतं ते इतकंच की या वेळी कुणाला 'विश्रांती' देता येणार नव्हती, कारण मग संघच उरला नसता. त्यानंतर पैसा आला, लीग आली, २०१८ पासून ओडिशा सरकार प्रायोजक म्हणून मागे उभं राहिलं. आशियाई सुवर्ण २०१४ मध्ये इंचेऑनला परत मिळालं. टोकियो आणि पॅरिसमध्ये ऑलिंपिकची कांस्यपदकं आली. या यशात धनराजच्या तापटपणाचा वाटा आहे, असं मी ठामपणे म्हणतो. कौशिक २०२१ च्या मे महिन्यात करोनाने गेले. टोकियोचं पदक त्यानंतर तीनच महिन्यांनी आलं.

एक गोष्ट अजून राहिली आहे. धनराज भारतासाठी ३३९ सामने खेळला. त्याने गोल किती केले? महासंघाने त्याची अधिकृत नोंद ठेवलीच नाही. १७० हून अधिक असावेत असं तो स्वतः आणि हॉकीचे आकडे जमवणारे जाणकार सांगतात. क्रिकेटमध्ये एखाद्या रणजी सामन्यातल्या अकराव्या फलंदाजाची धाव कागदावर सापडते, आणि ज्याने १५ वर्षं भारताची आघाडी सांभाळली त्याच्या गोलांचा आकडा अंदाजाने सांगावा लागतो. ही उणीव भरून काढता येण्यासारखी आहे. त्या वर्षांतली मराठी-इंग्रजी वर्तमानपत्रं पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत आहेत, परदेशी दौऱ्यांची धावती वर्णनं त्यांत आहेत, आणि त्या संघांतले बहुतेक खेळाडू आज आपल्यात आहेत. खडकीच्या, मुंबईच्या कुणा हॉकीप्रेमीच्या कपाटात १९८९ ते २००४ या काळातली कात्रणं, सामन्यांच्या पत्रिका, गुणफलक असतील, तर ते रद्दीत घालू नका. महाराष्ट्राच्या हॉकी संघटनेने आणि एखाद्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने हे काम हाती घ्यावं, आणि धनराज पिल्लेच्या प्रत्येक गोलाची तारीख, मैदान आणि प्रतिस्पर्धी एका यादीत नोंदवावा. ते काम आत्ताच व्हायला हवं.